हाताला पडलेला प्रश्न : कलानिर्मितीतून संशोधन कसं करावं

जुलैतली सकाळ होती. कोल्हापुरात रंकाळा तलावाच्या काठावर, समोर संध्यामठ दिसेल अशा जागी मी जलरंगाचं सामान मांडून बसले होते. आभाळाचा पहिला हात दिला आणि तो वाळायची वाट बघत राहिले. मे महिन्यात याच कागदावरचा असा हात आठ-दहा मिनिटांत वाळायचा. त्या दिवशी अर्धा तास झाला तरी कागद बोटाला गारच लागत होता. शेवटी घाई केली, पलीकडच्या झाडांची रेघ ओढली आणि ती आभाळात घुसून फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग उमटला. त्या आठवड्यात असे सहा कागद वाया गेले. सातव्या कागदाच्या पाठीवर मी एक वाक्य लिहिलं : ‘कागद वाळणारच नसेल, तर दोन रंगांमधली कडा कशाच्या भरवशावर सांभाळायची?’

पुढची दोन वर्षं मी त्या एका वाक्यामागे फिरले. आज चित्रकला, उपयोजित कला, नाटक, छायाचित्रण शिकणारी मुलं येऊन विचारतात, “मॅडम, प्रबंधात संशोधन पद्धती म्हणून नेमकं काय लिहायचं?” बहुतेकांच्या हातात समाजशास्त्राच्या एखाद्या प्रबंधाचा साचा असतो. त्यात गृहीतक असतं, प्रश्नावली असते, शंभर लोकांचा नमुना आणि शेवटी टक्केवारीचं वर्तुळ असतं. त्यांचं स्वतःचं काम, म्हणजे जे करण्यासाठी ती या क्षेत्रात आली ते, त्या साच्यात कुठेच बसत नाही. मग चित्रं एकीकडे राहतात आणि प्रबंध दुसरीकडे. हा लेख त्या मुलांसाठी आहे.

प्रश्न शोधण्यासाठी दोन आठवडे द्या

विषय आणि प्रश्न यांत फरक आहे. ‘रंकाळ्याचं निसर्गचित्रण’ हा विषय झाला. त्यावर माहिती गोळा करता येते, पण ती कधी पुरी होणार नाही आणि ती गोळा करून आपल्याला काय कळलं हेही सांगता येणार नाही.

म्हणून सुरुवातीला वाचनालयात जाऊ नका, काम करा. दोन आठवडे रोज काम करायचं आणि दिवसाच्या शेवटी एकच गोष्ट लिहायची : आज हात कुठे अडला? ‘कंटाळा आला’ असं नको. ‘नटाची पाठ प्रेक्षकांकडे गेली की प्रसंगाचा ताण सुटतो’, ‘मातीची मान तिसऱ्या दिवशी तडकते’, असं नेमकं हवं. चौदा दिवसांच्या नोंदींत एखादी अडचण तीन-चार वेळा वेगवेगळ्या रूपांत आलेली दिसेल. प्रश्न तिथे असतो.

मग तो तपासून घ्या. त्याचं उत्तर आपल्या मनासारखं न येण्याची शक्यता आहे का? नसेल तर तो प्रश्न नाही, आपलं मत आहे. तो प्रत्यक्ष करून बघितल्याशिवाय सुटणार नाही असा आहे का? नुसतं वाचून सुटत असेल तर वाचा आणि पुढे जा. तिसरी कसोटी व्यवहाराची आहे. हाताशी असलेल्या वेळात, पैशात आणि अंतरात तो मावतो का?

माझ्याकडे आलेल्या एका विद्यार्थिनीचा विषय होता ‘जोतिबाची यात्रा, गुलाल आणि लोकश्रद्धा’. त्याला एखाद्या मानववंशशास्त्रज्ञाचा जन्म पुरणार नाही. ती लाकडी ठशांची छपाई करणारी मुलगी. दोन आठवडे तिनं अडल्याची यादी केली, तेव्हा दिसलं की चैत्र यात्रेतल्या उडत्या गुलालाची छपाई केली की कागदावर सपाट गुलाबी पट्टा येतोय. डोंगरावर उभं राहिल्यावर तो गुलाल दाट-विरळ असतो, त्यातून उंच सजवलेली सासनकाठी दिसते आणि पुन्हा नाहीशी होते. तिचा प्रश्न ठरला : ‘एकाच रंगाच्या छपाईत, फक्त ठशावरच्या कोरणीनं, हवेतल्या गुलालाचा दाटपणा कमी-जास्त दाखवता येतो का?’ श्रद्धा त्या कामातून गेली नाही, पण हाताला सुरुवात कुठून करायची ते कळलं.

आपलं संशोधन कोणत्या जातीचं, ते ओळखा

लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये असताना ख्रिस्तोफर फ्रेलिंग यांनी १९९३ मध्ये कला आणि डिझाइनमधल्या संशोधनाचे तीन प्रकार मांडले. आजही गोंधळ झाला की मी त्यांच्याकडेच वळते. पहिलं कलेविषयीचं संशोधन, दुसरं कलेसाठी केलेलं, तिसरं कलेतून झालेलं.

कोल्हापुरातलंच उदाहरण घेऊ. आबालाल रहिमान हे शाहू महाराजांच्या दरबारचे चित्रकार, १९३१ साली वारले. त्यांनी या परिसरातले तलाव आणि झाडी कशी रंगवली, त्यांच्यावर मुंबईच्या जे. जे. स्कूलमधल्या शिक्षणाचा काय परिणाम झाला, हे शोधणं म्हणजे कलेविषयीचं संशोधन. ते कला-इतिहासकार करतो, त्याला स्वतः ब्रश धरावाच लागतो असं नाही. माझ्या चित्रासाठी कुठला कागद दमट हवेत टिकतो हे मी चार दुकानं फिरून, नमुने आणून ठरवलं, ते कलेसाठीचं. त्यातून निघालेलं उत्तर चित्रात मुरून जातं आणि लोकांसमोर फक्त चित्र येतं. आणि दमट कागदावर कडा कशी सांभाळायची हे मी चित्रं करत करतच शोधलं, ते कलेतून झालेलं. इथे चित्र काढणं हेच शोधण्याचं साधन असतं.

या तिसऱ्या प्रकारातही पुढे एक फाटा आहे. ऑस्ट्रेलियात काम केलेल्या लिंडा कँडी यांनी २००६ मध्ये तो नीट वेगळा करून दाखवला. ज्या संशोधनाचं फलित समजायला निर्माण झालेली कलाकृती समोर असावीच लागते, ते निर्मितीवर आधारलेलं. ज्यातून निर्मितीच्या प्रक्रियेविषयी नवी समज मिळते आणि ती शब्दांत पूर्ण मांडता येते, ते निर्मितीतून निघालेलं. हा काथ्याकूट वाटेल, पण सादरीकरणाच्या वेळी याच फरकावर सगळं ठरतं. पहिल्या प्रकारात परीक्षकांना प्रदर्शन बघावंच लागेल, दुसऱ्यात प्रबंध पुरेल. नोंदणी करतानाच मार्गदर्शकांशी हे बोलून घ्या.

आपल्याआधी या वाटेनं कोण गेलं

आता वाचनालयात जायची वेळ झाली. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून उभं आहे. शिवाजी विद्यापीठाचं ग्रंथालय आहे. संस्थानकाळाशी संबंधित विषय असेल तर पुराभिलेखागारात जावं लागेल, आणि तिथे जाण्यापूर्वी एक तयारी हवी. जुन्या कागदपत्रांचा मोठा भाग मोडी लिपीत आहे. मोडी शिका, किंवा वाचून देणारा माणूस आधी गाठा. त्याच्या कामासाठी वेळापत्रकात महिने राखून ठेवा, आठवडे पुरत नाहीत.

मात्र कलाकारासाठी पूर्वसुरी पुस्तकांपेक्षा वस्तूंमध्ये जास्त सापडतात. टाऊन हॉलचं संग्रहालय, राजारामपुरीतलं चंद्रकांत मांडरे यांचं कलासंग्रहालय, इथे वही-पेन्सिल घेऊन जा. एका भेटीत एकच कलाकृती. तिच्यासमोर अर्धा तास उभं राहायचं. पहिली दहा मिनिटं फक्त दिसतं ते लिहायचं : कुठे रंग जाड, कुठे कागद उघडा, प्रकाश कुठल्या बाजूनं. पुढची दहा मिनिटं हे कसं केलं असेल याचा अंदाज. शेवटची दहा मिनिटं आपल्या प्रश्नाला यातून काय मिळालं. पहिल्या वेळी पाचव्या मिनिटाला वाटतं की संपलं. तसंच उभं राहा. दिसायला त्यानंतर लागतं.

आणि चित्रकार-चित्रपटकार बाबूराव पेंटर आठवा. चुलतभाऊ आनंदराव यांच्याबरोबर त्यांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवायचं मनावर घेतलं. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबूराव थांबले नाहीत. सहकारी विष्णुपंत दामल्यांना बरोबर घेऊन १९१८ पर्यंत त्यांनी कॅमेरा पुरा केला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. यंत्र उघडून, सुटे भाग घडवून, चुकून, पुन्हा घडवून शिकण्याची ही रीत याच गावात होती. त्यामुळे कलेतून संशोधन ही काही परदेशातून आलेली चैन आहे, असं कोणी म्हटलं की मला मनापासून वाईट वाटतं.

पद्धत निवडताना

पद्धती पुष्कळ आहेत. सगळ्या वापरायच्या नसतात. प्रश्नाला लागतील तेवढ्या, बहुधा दोन किंवा तीन.

*करून बघणं.* एका वेळी एकच गोष्ट बदला. मी कागद, ब्रश आणि हात देण्याची पद्धत तीच ठेवली आणि फक्त दुसरा रंग लावण्याची वेळ बदलली : पाच मिनिटांनी, दहा, वीस, चाळीस. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि चित्र सुंदर आलं, तर ते कशामुळे आलं हे कळायला मार्ग उरत नाही. यातली अडचण खरी आहे. कलाकाराचा स्वभाव प्रत्येक कागदावर वेगळं काही करण्याचा असतो. म्हणून मी आठवड्याचे दोन दिवस चाचणीचे ठेवले आणि बाकीचे मोकळे. मोकळ्या दिवसांनीच मला नवे प्रश्न दिले.

*ठरावीक वेळी बघणं.* प्रकाशावर काम करणाऱ्यांनी अंबाबाईच्या किरणोत्सवाचा विचार करावा. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येऊन गाभाऱ्याकडे सरकतात, ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि पुन्हा ९ ते ११ नोव्हेंबर. परंपरेनं पहिल्या दिवशी चरणांपर्यंत, मग छातीपर्यंत, मग मुखापर्यंत असा क्रम सांगतात. पण ढग आले, हवेत धूळ असली, वाटेत काही आडवं आलं, तर किरणं मध्येच थांबतात. संशोधकाला वर्षात दोनदाच, तेही काही मिनिटांची संधी. एका विद्यार्थ्यानं देवळाबाहेर, महाद्वार रोडवर जमिनीवरून सरकणाऱ्या उन्हाची छायाचित्रं घ्यायचं ठरवलं. त्याला मी इतकंच सांगितलं : तिपाईची जागा खडूनं आखून ठेव, भिंग बदलू नकोस, आणि कॅमेऱ्याचं ऑटो बंद कर. ऑटोवर ठेवलं की मंद ऊन आणि प्रखर ऊन कॅमेरा सारखंच करून टाकतो आणि ज्याचा अभ्यास करायचा तेच पुसलं जातं. ज्या दिवशी ऊन अडलं त्या दिवसाचीही छायाचित्रं त्यानं ठेवली. तुलनेसाठी तीच जास्त उपयोगी पडली.

*शेजारी बसून बघणं.* कारागिरांकडे जाणाऱ्यांनी प्रश्नावली घरी ठेवावी. हाताचं ज्ञान विचारून फारसं बाहेर येत नाही. तत्त्वज्ञ मायकेल पोलान्यी यांनी यालाच अबोल ज्ञान म्हटलं : माणसाला सांगता येतं त्याहून जास्त ठाऊक असतं. मी रेकॉर्डर लावून चप्पल लाईनमधल्या एका वयस्कर मामांसमोर बसले आणि ‘आपल्या कामाचे टप्पे सांगा’ असं विचारलं. ते रापी, म्हणजे कातडं कापायचं हत्यार, खाली ठेवून म्हणाले, “ताई, सांगून न्हाई कळायचं ह्ये. हितं बसा आन बघा.”

तीन दिवस नुसती बसले. चौथ्या दिवशी विचारलं, “मामा, ठोकायच्या आधी कातडं पाण्यात भिजत घालता का?”

“भिजत न्हाई घालायचं. ओलवायचं. भिजलं की ते पाण्याचं हुतं. ओलावलं की आपलं ऱ्हातं.”

हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावलेल्या कातड्याविषयी ते बोलत होते. मला माझा कागद दिसत होता. तोवर मी ‘ओला’ आणि ‘कोरडा’ अशा दोनच अवस्था नोंदवत होते. घरी येऊन मी तीन केल्या : चकाकी असलेला भिजका, चकाकी गेलेला पण गार लागणारा ओलसर, आणि कोरडा. वर्षभर अडलेलं काम त्या मधल्या अवस्थेनं सोडवलं. मिनिटं मोजण्याऐवजी मी चकाकी मावळायची वाट बघू लागले.

बसण्याचे काही साधे नियम आहेत. दुपारच्या गिऱ्हाइकाच्या वेळी जाऊ नका. बोलणं ऐकू येतं तसंच उतरवा, ‘ओलवायचं’चं ‘आर्द्र करणे’ करू नका, कारण ज्ञान त्या शब्दातच असतं. तासाभराचं रेकॉर्डिंग लिहून काढायला चार तास तरी लागतात, तेवढे धरून चाला. किती जणांना भेटायचं, याला आकडा नाही. नवीन माणूसही तेच सांगू लागला, दोन-तीन भेटींत नवं काही आलं नाही, की थांबा.

नोंदवही

सगळ्या लेखातला एकच भाग वाचणार असाल तर हा वाचा.

पहिल्या वर्षी मी नोंदी महिन्याच्या शेवटी, आठवून लिहीत होते. फसलेले कागद फाडून टाकत होते. आढाव्याच्या वेळी चांगले आलेले बारा कागद मांडले. समोरून शांतपणे प्रश्न आला, “या कागदावर दुसरा हात कधी दिलात?” मला सांगता आलं नाही. बारांपैकी एकाही कागदाचं नाही. चित्रं होती, संशोधन नव्हतं. ते वर्ष मला पुन्हा करावं लागलं.

अमेरिकन अभ्यासक डोनाल्ड शॉन यांनी १९८३ मध्ये दोन प्रकारच्या चिंतनातला फरक दाखवला : हात चालू असताना होणारं आणि काम झाल्यावर मागे वळून केलेलं. वहीची डावी-उजवी पानं मी त्याप्रमाणे वाटून घेते. डावीकडे कामाच्या जागी, चिखलाच्या हातानं लिहिलेलं. उजवीकडे त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी.

डावीकडची एक नोंद अशी :

‘१२ जुलै, सकाळी ७.४०. रंकाळा. पाऊस नुकताच थांबला. सुती कागद, चौरस मीटरला ३०० ग्रॅम. आभाळाला एकच हात, ब्रश भरून. अपेक्षा : वीस मिनिटांनी झाडांची कडा धारदार येईल. झालं : पसरली, डावीकडे जास्त.’

त्याच रात्रीची उजवीकडची :

‘बोर्ड डावीकडे कलला होता, म्हणजे पाणी तिकडे साठलं. मी वीस मिनिटं घड्याळात बघितली, कागदाकडे बघितलंच नाही.’

यात ‘अपेक्षा’ हा शब्द सोडू नका, आणि ती काम सुरू करण्यापूर्वीच लिहा. नंतर लिहिलेली अपेक्षा नेहमी खरी ठरते. फसलेलं काही टाकू नका, पाठीवर तारीख आणि क्रमांक घालून पेटीत ठेवा. मोबाइलवरच्या फोटोंना त्याच दिवशी तोच क्रमांक द्या. पावसाळ्यात कागदाला बुरशी लागते, तेव्हा पेटी भिंतीला लावून ठेवू नका. नट आणि नर्तकांनी तालमीनंतर दहा मिनिटं स्वतःच्या आवाजात नोंद करून ठेवावी. थकलेल्या अंगाला लिहिणं जड जातं आणि अंगाची आठवण रात्रीत पुसते.

परवानगी आणि श्रेय

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांसाठी मिळून. तरी जून २०२५ मध्ये मिलानच्या एका फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीनं तशाच धाटणीच्या चपला मांडल्या आणि सुरुवातीला त्यांच्या मुळाचा उल्लेखही केला नाही. इथे संताप झाला तो योग्यच होता. पण तोच आरसा आपल्यासमोरही धरायला हवा. कारागिराच्या ओट्यावर बसून घेतलेली रेखाटनं प्रबंधात ‘संशोधकाचं निरीक्षण’ म्हणून छापली, तर आपण वेगळं काय केलं?

म्हणून पहिल्याच भेटीत सांगा : मी कोण, हे कशासाठी, कुठे छापलं जाईल, तुमचं नाव घालू की नको. कागदावर सही घेताना समोरचा बिचकत असेल तर तोंडी संमती रेकॉर्ड करा. फोटो विचारून काढा. एखादी युक्ती त्या घराची असेल आणि ते ‘हे लिहू नका’ म्हणाले, तर लिहू नका, तुमचा प्रबंध तिच्यावाचून लंगडा पडला तरीही. आणि त्यांचा कामाचा वेळ तुम्ही घेता, त्याचा मोबदला खर्चाच्या अंदाजात धरा.

नोंदींचा अर्थ लावताना

इथे झटपट सांगता येईल. सगळे कागद जमिनीवर पसरा, माझ्या वेळी बैठकीची खोली तीन दिवस अडली होती. नोंदींतलं एकेक वाक्य चिठ्ठीवर उतरवा आणि सारख्या चिठ्ठ्यांचे ढीग करा. ढिगांना नावं द्या, शक्यतो वहीतल्याच शब्दांत. मग मुद्दाम असा कागद शोधा जो आपल्या निष्कर्षात बसत नाही. माझ्याकडे पाच होते, चकाकी मावळल्यावरही कडा फुटलेले. पाचही वेळा ब्रशमधलं पाणी कागदातल्या पाण्यापेक्षा जास्त होतं. त्या पाच कागदांमुळे निष्कर्ष बदलला : कागद बघायचा, पण ब्रशही बघायचा.

मांडणी

प्रबंधात चित्राचं वर्णन करत बसू नका, चित्र समोर आहे. चित्रात दिसत नाही ते लिहा : प्रश्न कुठून आला, काय करून बघितलं, कुठे वाट बदलली, कोणाकडून काय मिळालं. ‘मी’ लिहायला घाबरू नका. ‘संशोधकाद्वारे असे निदर्शनास आले’ या वाक्यात ब्रश धरलेला हात हरवतो. प्रदर्शनात फसलेले कागदही लावा, क्रमांकासह, आणि खाली नोंदवहीची पानं ठेवा. शाहू स्मारकात लोक चित्रांपेक्षा जास्त वेळ वहीपाशी थांबतात, हे मी पाहिलं आहे.

छपाईला देण्यापूर्वी मसुदा ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांना वाचून दाखवा. मी मामांच्या दुकानात जाऊन त्यांच्यावरची चार पानं मोठ्यानं वाचली. ते आरी चालवत ऐकत होते. भिजणं आणि ओलावणं यांतला फरक मला त्यांनी शिकवला, असं वाक्य आलं तेव्हा त्यांचा हात थांबला.

“ते माझं न्हाई ताई. आमच्या म्हाताऱ्याचं हाय ते. त्येचं नाव घाला.”

श्रेयाच्या पानावर आता त्यांच्या वडिलांचं नाव आधी आहे आणि त्यांचं नंतर.